कान घेऊन लातूरला

हिमायतनगर

मला प्रवास झेपत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण प्रवासाहून आलेल्या माणसांचं लिखाण वाचलं की आपणही जावंसं वाटतं. माझं वाचून तसं वाटणार नाही.

मला आवाज सहन होत नाहीत. मोठे, कर्कश आवाज तर कुणालाच नकोसे असतात, पण माझं तेवढ्यावर थांबत नाही. स्टीलच्या ताटावर चमचा घासला की दाढ ठणकावी तशी कळ कानातून मानेत उतरते. आणि शेजारी बसून कुणी मचमच खात असेल, नाक ओढत असेल, पेनाचं बटण दाबत बसलं असेल, तर दुखत नाही, राग येतो. त्या माणसाला ढकलून द्यावं असा, अंगाला घाम फुटेपर्यंतचा राग. तो माणूस चांगला आहे हे मला कळत असतं. तरी येतो.

म्हणून मी आणि माझे यजमान गावाबाहेर राहतो. आमची रोपवाटिका आहे. आमच्या घरात कुकर नाही, मिक्सर नाही. डाळ पातेल्यात शिजते. शेंगदाण्याची चटणी मी मागच्या वाफ्यांत गेले की हे कुटून ठेवतात. खुर्च्यांच्या पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बसवलेत. जेवायला हे ओसरीत बसतात आणि मी आत. लग्नानंतर पहिल्या वर्षीच त्यांनी ते आपणहून सुरू केलं, कारण विचारलं नाही.

जानेवारीत एका सकाळी लातूरहून फोन आला. माझी भाची वैष्णवी तिथं डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी क्लास लावून राहत होती, दुसऱ्यांदा. माझ्या थोरल्या भावाची ती एकुलती मुलगी. फोनवर तिच्या होस्टेलच्या मॅडम होत्या.

"तुम्ही आत्या का? वडलांना लावला तर ते म्हणाले, समजावून सांगा. मग तिनं तुमचा नंबर दिला. तिला घेऊन जा बाई. काल मेसमधे शेजारच्या पोरीच्या हातातलं ताट उडवलं तिनं. आता गच्चीवर जाऊन बसलीय, खाली येईना."

"ती काय म्हणते?"

"काही बोलत न्हाई. कान झाकून बसलीय."

मी फोन ठेवला आणि पिशवीत आधी कापूस भरला, मग कपडे. हे नुसते बघत होते. नांदेडच्या पुढं मी कित्येक वर्षांत गेले नव्हते. "मी येऊ का?" असं त्यांनी विचारलं. रोपांना पाणी कोण घालणार, म्हणून मी नको म्हटलं. स्टेशनपर्यंत सोडायला आले तेव्हा त्यांनी गाडी फाटकाच्या अलीकडेच बंद केली आणि ढकलत नेली.

नांदेड

आगगाडीत समोरच्या बाकावर एक आजोबा फुटाणे घेऊन बसले होते. साधा, सोज्वळ माणूस. त्यांनी मलाही पुडी पुढं केली. मी नको म्हणून उठले आणि दारापाशी जाऊन उभी राहिले. मुदखेडपर्यंत तिथंच. गाडीचा खडखडाट चालतो मला, तो सगळीकडून एकसारखा येतो. एका तोंडातून येणारा नेमका आवाज चालत नाही. हे आजवर मी ज्यांना सांगितलं त्यांतले बहुतेक हसले आहेत.

दादाचं घर तरोड्याला आहे. तो शाळेत गणित शिकवतो. मी पोचले तेव्हा वहिनींचा कुकर लागलेला होता. मला दारात बघताच त्या धावत आत गेल्या आणि गॅस बंद केला. जेवायला येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी आणि बाजरीच्या भाकरी होत्या. अशी आमटी मला जमत नाही, पण त्या दिवशी चव लागली नाही. माझ्या कानात कापूस होता आणि दादा समोर बसून जेवत होता.

"तू जाऊन काय करणार?" त्यानं विचारलं.

"घेऊन येते तिला."

"आन् परीक्षा? हजारो पोरं तिथं राहून राहिली. त्यांना कान न्हाईत का?"

"तिला खरंच होतंय दादा. मला माहीत आहे काय होतं ते."

"तुला माहीतच असणार. तुझंच बघून शिकली ती."

वहिनी हळूच म्हणाल्या, "अहो, ती चौथी-पाचवीत असल्यापासून ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायची. आपणच ओढून आणायचो."

"तू गप ऱ्हा."

इथं मला आमच्या गावाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही किल्लारीच्या बाजूचे. भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होते आणि दादा नांदेडला कॉलेजसाठी खोली करून राहत होता. गणपती विसर्जनाचा दिवस होता. गल्लीतून ढोल आणि हलगी निघाली की मी लहानपणापासून किंचाळत सुटायची. त्या रात्री मी भिंतीवर डोकं आपटायला लागले, तेव्हा बाबांनी मला खांद्यावर टाकलं आणि रानातल्या आखाड्यावर, आमच्या झोपडीत नेलं. आई आणि ताई घरीच राहिल्या. पहाटे आमचं घर बसलं. काळ्या दगडांच्या, मातीत बसवलेल्या, हातभर रुंद भिंती होत्या. दोघी सापडल्या त्या दुसऱ्या दिवशी.

गावात पुढं लोक म्हणायचे, पोरीला कानांनी वाचवलं. मला ते ऐकून काय वाटायचं हे कुणी विचारलं नाही. दादानं तर त्या पहाटेबद्दल माझ्याशी कधीच शब्द काढला नव्हता. त्या दुपारी काढला. हात धुवून आला, पंच्यानं पुसला आणि उभ्या उभ्याच बोलला.

"तू रडलीस म्हणून बाबा तुला घेऊन गेले. आई आन् ताई गप पडल्या होत्या, त्यांना कुणी न्हाई नेलं. मला माझ्या घरात ते रडणं पुन्हा नको."

वहिनींच्या हातातला डाव आमटीतच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच लातूरच्या बसमधे बसले.

लातूर

लोहा, अहमदपूर, चाकूर. दोन्ही बाजूंना ज्वारी निसवून कणसांवर आलेली आणि मधे तुरीचे वाळके पट्टे. उघडा, मोठा मुलूख आहे. आमच्याकडे किनवटच्या बाजूनं रान जवळ येतं, इथं नजर अडतच नाही. बसच्या काचा वाजत होत्या. मी ओढणीची घडी काचेच्या फटीत कोंबली, तर मागच्या बाई म्हणाल्या, "हे बरं केलं." तेवढंच त्या प्रवासातलं सुख.

लातूरच्या ज्या भागात क्लास आहेत त्याला सगळे ट्यूशन एरियाच म्हणतात. प्रत्येक भिंतीवर पास झालेल्या मुलामुलींचे फोटो, माणसापेक्षा मोठे. खाली रस्त्यावर तशीच मुलंमुली, पाठीवर सॅक, एक वर्ग सुटलेला आणि दुसरा भरणारा. स्कूटींचे हॉर्न, झेरॉक्सच्या दुकानातले जनरेटर. निलंगा राइसच्या गाड्यावरचा माणूस गिऱ्हाईक यावं म्हणून उलथनं परातीवर आपटत होता. तो भात मला कधीपासून खाऊन बघायचा होता. मी कानांवर हात धरून गाड्यासमोरून पळाले. रिक्षाही मधेच सोडली होती, तिच्या हॉर्नमुळं. मग गल्ली चुकले. एका बंद दुकानाच्या पायरीवर डोळे मिटून बसले आणि मला उलटी झाली. येणाऱ्याजाणाऱ्या मुली थांबल्या, एकीनं पाणी दिलं. तिला वाटलं मला ऊन लागलं. जानेवारीत.

होस्टेलच्या मॅडम वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या. रात्री त्यांनी वैष्णवीला कसंबसं खाली आणून झोपवलं होतं, सकाळी ती पुन्हा वर गेली होती. वैष्णवीच्या खोलीत राहणारी साक्षी माझ्याबरोबर जिन्यानं वर आली. तिच्याच हातातलं ताट उडालं होतं.

"आत्या, ती वाईट न्हाई हो," ती म्हणाली. "मी केळं जरी खाल्लं तरी उठून जायची. मग मी बाथरूममधे जाऊन खायला लागले. तरीबी म्हणायची, ऐकू येतंय. मला वाटायचं मुद्दाम करते."

गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या मागं वैष्णवी बसली होती. जाड गोधडी डोक्यावरून घेतलेली, नुसतं नाक बाहेर. टाकी भरत होती आणि पाण्याचा एकसारखा आवाज येत होता. ती तिथं का बसली हे मला लगेच कळलं. मी शेजारी बसले. बऱ्याच वेळानं मी गोधडी थोडी बाजूला केली. डाव्या कानाखाली, मानेवर, रक्त वाळलेलं होतं.

"तूच केलंस?"

तिनं मान हलवली.

"का गं?"

"फुटला की यायचं बंद होईल असं वाटलं." तिचा आवाज अगदी साधा होता, अभ्यासातलं काही सांगावं तसा. "न्हाई झालं बंद. बाहेरचं थोडं कमी येतं. पण आत शीळ सुरू झालीय आत्या. ती थांबत न्हाई."

मी तिला जवळ घेतलं. तिला शिवलेलंही आवडत नाही, पण त्या वेळी तिनं घेऊ दिलं. अठरा वर्षांची मुलगी, हाताला नुसती हाडं लागली. मेसमधल्या चमच्यांपायी तिनं जेवणच सोडलं होतं.

कानाच्या डॉक्टरांनी पडदा फाटल्याचं सांगितलं. कदाचित भरून येईल. शिळेबद्दल विचारलं तर म्हणाले, जाईल किंवा राहील, आज सांगता येत नाही. मग त्यांनी तिला बाहेर बसायला सांगितलं आणि मला विचारलं, "हे आधीपासूनचं आहे?" मी माझंही सांगितलं. ते हसले नाहीत. या त्रासाला नाव आहे, मिसोफोनिया, असं म्हणाले. औषध असं नाही, पण बोलून, सवयी बदलून जगणं सोपं करता येतं, आणि मनाच्या डॉक्टरांना लवकर दाखवा. "आणि तिला एकटी सोडू नका. अजिबात."

इतकी वर्षं जे मी माझं खूळ समजत होते त्याला नाव होतं, हे मला लातूरच्या त्या दवाखान्यात कळलं. आनंद वगैरे झाला नाही. दादाला फोन लावला. मी सगळं सांगेपर्यंत तो ऐकत होता. शेवटी "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

आमचं गाव

त्या कानानं तिला लगेच बसमधून नांदेडपर्यंत नेणं शक्य नव्हतं. जवळ कोण, तर आमची चुलती, इंदरकाकू. औशाच्या पुढं, भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात ती एकटी राहते. मी तिच्याकडे जायचं टाळत आले होते. त्या पहाटे तिची दोन्ही लेकरं गेली आणि मी राहिले. ती मला कधी वाईट बोलली नाही. पण माझ्याकडे बघायचीच नाही.

नवं गाव रुंद आहे. सरळ रस्ते, घरं एकमेकांपासून लांब, मधे मोकळ्या जागा. पूर्वीच्या गावात एका घरातला खोकला तिसऱ्या घरात ऐकू जायचा. इथं दुपारी कोंबडीसुद्धा दुरून ऐकू येते. पाहुण्यांना हे गाव भकास वाटतं. वैष्णवीनं जीपमधून उतरल्यावर आपणहून डोक्यावरची गोधडी काढली.

काकूनं तिच्या कानावरची पट्टी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि "आत या" म्हणाली. सिमेंटच्या घरात ती राहतच नाही. शेजारी पत्र्याची खोली आहे, तिथं राहते. डोक्यावर पत्रा पडला तर माणूस मरत नाही, असं तिचं म्हणणं. त्या खोलीत मांडणी नव्हती. सगळी भांडी जमिनीवर, पोत्यांवर उपडी घातलेली, एकाला एक न लागता.

वैष्णवीनं विचारलं, "आजी, भांडी खाली का?"

"वर ठिवली की वाजत्यात," काकू म्हणाली. "त्या दिशी आदी भांडीच वाजली हुती. तवापासून मला भांड्याचा आवाज न्हाई चालत."

वैष्णवी तिच्याकडे बघतच राहिली. आवाज चालत नाही म्हणणारं माणूस तिला माझ्याशिवाय भेटलं नव्हतं.

काकूनं ज्वारीच्या भाकरी थापल्या, मिरचीचा ठेचा आणि कढी केली. वैष्णवी ताट घेऊन बाहेर लिंबाखाली गेली आणि दोन भाकरी खाऊन आली. मग झोपली. संध्याकाळपर्यंत उठली नाही. मी सारखी तिचा श्वास बघून येत होते. काकू उन्हात बसून तुरी निवडत होती.

"तुझ्या बापानं तुला उचललं तवा मी दारात हुते," ती एकदम म्हणाली. मान वर केली नाही. "म्या म्हणलं, भावजी, माझीबी दोन न्या रानात. तर म्हणले, झोपलीत लेकरं, उठवून घिऊन ये, नेतो. थांबले हुते ते. म्या आत गेले. लई गाढ झोपलीवती. म्या न्हाई उठवलं."

मी हातातल्या तुरी खाली ठेवल्या.

"तुझ्याकडं बघितलं की ते याद येतं. म्हणून बघत न्हवते. तुझं काई न्हाई त्यात." तिनं सुपातले खडे बाजूला केले. "ह्या पोरीला तिकडं परत धाडू नका. सांग तुझ्या भावाला."

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा आला. भूकंपानंतरच्या क्रियाकर्मानंतर तो गावाकडे कधी आला नव्हता. गाडी त्यानं लांब रस्त्यावरच उभी केली आणि चालत आला. काकूच्या पाया पडला. वैष्णवीच्या कानाकडे बघितलं आणि मग दुसरीकडे.

काकूनं त्याला जेवायला वाढलं. पहिला घास त्यानं चावला आणि वैष्णवीचा चेहरा मी बघितला. मला तो चेहरा आतून ओळखीचा आहे. ती उठली नाही. बोलली.

"बाबा, तुमचाच आवाज सगळ्यांत जास्त होतो मला. दुसऱ्या कुणाचा इतका न्हाई होत. मला तुमचा राग न्हाई. पण तुम्ही जेवलात की मला मरावंसं वाटतं. लहानपणापासून."

दादानं तोंडातला घास तसाच गिळला. मग ताट उचलून बाहेर गेला. लिंबाच्या पलीकडे, गोठ्याच्या भिंतीमागं त्याची पाठ दिसत होती. तो जेवत नव्हता, नुसता ताट धरून उभा होता. काकूही त्याला हाक मारायला गेली नाही.

त्या संध्याकाळी वैष्णवीनं मला विचारलं, "वयाबरोबर कमी होतं का गं हे?"

मला सगळ्यांनी होतं म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, "माझं नाही झालं. वाढलं. पण मला कुणी डॉक्टर नव्हता, तुला असेल."

ती बराच वेळ जमिनीवर रेघा ओढत बसली. "खरं सांगितलंस ते बरं केलंस," म्हणाली.

परतताना

दादानं आम्हाला त्याच्या गाडीतून आणलं. काचा बंद, रेडिओ बंद. सबंध रस्त्यात त्यानं एकदाही हॉर्न वाजवला नाही. आपल्या रस्त्यांवर हे किती अवघड आहे ते गाडी चालवणाऱ्यांना कळेल. चाकूरजवळ एक बैलगाडी मधून हलेना, तर हा उतरून गेला आणि गाडीवानाला हात जोडून बाजूला व्हायला सांगून आला.

अहमदपूरच्या पुढं तो म्हणाला, "परीक्षेचं बघू पुढं."

"मी देणार न्हाई," वैष्णवी मागून म्हणाली.

त्यानं मान हलवली की रस्त्यातला खड्डा होता, मला कळलं नाही.

नांदेडला तिनं घरी राहायला नकार दिला. वहिनी रडल्या, पण कपड्यांची बॅग त्यांनीच भरली. मनाच्या डॉक्टरांना दाखवलं, दर पंधरवड्याला यायचं ठरलं. तोवर ती माझ्याकडे राहणार होती. किती दिवस ते कुणी बोललं नाही. कानातली शीळ तशीच होती. रात्री सगळं शांत झालं की जास्त येते, असं तिनं डॉक्टरांना सांगितलं. माझ्याकडे तिला देण्यासारखी शांतता तेवढीच होती, आणि त्या शांततेतच तिला ती शीळ मोठी ऐकू येणार होती.

स्टेशनवर दादा आम्हाला बसवायला आला. वैष्णवीला खिडकीजवळ जागा मिळाली. पलीकडच्या रुळावर मालगाडीचं इंजिन उभं होतं. ते सुटायच्या बेतात होतं आणि भोंगा वाजणार हे फलाटावरच्या सगळ्यांना दिसत होतं. मी पिशवीत कापूस शोधायला लागले.

दादानं खिडकीच्या गजांमधून दोन्ही हात आत घातले आणि तिचे दोन्ही कान दाबून धरले. भोंगा वाजला, थांबला, पुन्हा वाजला. त्यानं हात काढले नाहीत. डाव्या कानावरच्या पट्टीवर त्याचा तळवा फार घट्ट बसला होता. तिला दुखत होतं, ओठ आवळलेले मला दिसत होते. तिनं त्याला सांगितलं नाही. आमची गाडी हलली तसा तो हात तसेच धरून बरोबर चालत राहिला, फलाट संपेपर्यंत.